गाठीचे कूळ

नदीचे मूळ आणि ऋषीचे कूळ शोधू नये, असे आपल्याकडे म्हणतात. अन्ननलिकेतल्या गाठीला हा नियम लावला, तर तो रुग्णाच्या जिवावर बेतू शकतो.

घास अडकू लागतो, दुर्बीण घातली जाते, गाठीचा तुकडा तपासायला जातो. सूक्ष्मदर्शकाखाली लांबट पेशी दिसतात: चरख्याच्या चातीसारख्या, मधे फुगीर, दोन्ही टोकांना निमुळत्या. रिपोर्टवर येते, ‘स्पिंडल सेल ट्यूमर’. हे आकाराचे वर्णन झाले. निदान अजून व्हायचेच असते.

कारण चातीचा हा आकार अनेक कुळांतल्या पेशी घेतात. भिंतीतल्या अनैच्छिक स्नायूतून निघणारा लिओमायोमा असाच दिसतो. या जागी तो त्यातल्या त्यात नेहमीचा आणि बहुधा निरुपद्रवी. मज्जातंतूच्या वेष्टनातला श्वानोमा असाच दिसतो. पचनमार्गाच्या हालचालीला ताल देणाऱ्या काहाल पेशींशी नाते असलेला, अन्ननलिकेत क्वचितच आढळणारा ‘जिस्ट’ही असाच. आणि कधी खुद्द अस्तराच्या पेशींचा कर्करोगच चातीचे रूप घेतो.

या शेवटच्या गाठीने तज्ज्ञांना दीर्घकाळ चकवले. अशा मिश्र गाठींना ‘कार्सिनोसार्कोमा’ हे नाव 1864 मध्ये रुडॉल्फ फिर्खो यांनी दिले. एकाच गाठीत अस्तराचा कर्करोग आणि चातीपेशी. मग हे दोन कर्करोगांचे शेजार, की एका कुळाच्या दोन शाखा? काहींनी तर चातीपेशींना कर्करोग मानलेच नाही, ‘स्यूडोसार्कोमा’ म्हणून त्यांना निर्दोष ठरवले. पुढे इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाला काही चातीपेशींत अस्तरपेशींना जखडून ठेवणारे सांधे दिसले, अस्तरपेशींचे प्रथिन केराटिन सापडले, आणि अनेक गाठींच्या दोन्ही भागांत पी-53 जनुकाचा तोच बिघाड आढळला. नेमका तोच बिघाड दोन ठिकाणी वेगवेगळा घडणे जवळजवळ अशक्य. म्हणून जागतिक आरोग्य संघटनेच्या वर्गीकरणात ही गाठ आज स्क्वॅमस कर्करोगाचाच उपप्रकार आहे. मग अस्तराची पेशी चातीचे रूप घेते कशी? गर्भात अवयव घडताना पेशी शेजारणींची साथ सोडून रूप पालटतात. कर्करोग तीच जुनी विद्या वापरतो.

हा वाद केवळ पंडितांचा नाही. लिओमायोमा लहान असेल तर लक्ष ठेवणे पुरते; मोठा असला तरी बहुधा सोलून काढता येतो आणि अन्ननलिका वाचते. कर्करोग असेल तर अन्ननलिकाच काढावी लागू शकते. जिस्टमागे बहुतेकदा किट जनुकाचा बिघाड असतो, हे 1998 मध्ये कळले आणि त्यावर इमॅटिनिब लागू पडले. याच औषधाच्या पेटंटचा दावा सर्वोच्च न्यायालयाने 1 एप्रिल 2013 रोजी फेटाळला, भारतीय कंपन्यांच्या स्वस्त गोळ्यांची वाट मोकळी राहिली. पण गाठीचे कूळच रिपोर्टवर नसेल, तर ती स्वस्त गोळी लिहून देणार कोण?

बंगळुरूत हा प्रश्न अधिक जवळचा आहे. 1973 मध्ये सुरू झालेल्या तिथल्या किडवाई कर्करोग संस्थेत 1982 पासून शहरातल्या कर्करोगांची नोंद होते, आणि अन्ननलिकेचा कर्करोग त्या नोंदींत स्त्री-पुरुष दोघांतही ठळक दिसत आला आहे. नोंदवहीत गाठीची जागा आणि पेशीचा प्रकार यांना वेगवेगळे संकेतांक असतात. सूक्ष्मदर्शकाखाली झालेली चूक आधी उपचारात उतरते, मग आकडेवारीत.

म्हणून माझे म्हणणे असे: रिपोर्टवर नुसता आकार आला, तर डेस्मिन, एस-100, सीडी-117, केराटिन हे पेशीचे कूळ ओळखणारे मार्कर लावल्याशिवाय मोठी शस्त्रक्रिया ठरवू नये, आणि शस्त्रक्रियेचे पैसे देणाऱ्या प्रत्येक योजनेने या तपासणीचेही द्यावेत. तपासणी सर्वशक्तिमान नाही. खोलवरच्या गाठीवरून दुर्बिणीने घेतलेल्या तुकड्यात कधी फक्त वरचे निरोगी अस्तरच येते. रूप पालटलेल्या पेशीत केराटिनही विरळ होते. अशा वेळी पुन्हा, खोलवरचा तुकडा घ्यावा, आणि तरीही कूळ लागले नाही तर रिपोर्टवर तसे स्वच्छ लिहावे.

बेळगाव-कलबुर्गीकडून बंगळुरूला मोठ्या डॉक्टरांना दाखवायला निघालेल्यांना सांगतात, ‘स्लाइड आणि ब्लॉक घेऊन या.’ ब्लॉक म्हणजे मेणाचा ठोकळा; तो पिशवीत जपून न्यावा. मूळ तुकडा त्यातच असतो, आणि कुळाचा शोध तिथूनच पुन्हा सुरू करता येतो.