करंट की पेट्रोल?

जुनी गाडी घरी दुरुस्त करणारा माणूस म्हणजे आठवणींत रमणारा छांदिष्ट, असं धरून चालायची आपल्याला सवय आहे. मला ते पटत नाही. पद्मिनीचं बॉनेट उघडून उभा राहिलेला माणूस जे करतो ते हल्ली दुर्मीळ झालंय: कारण सापडेपर्यंत तो काहीही बदलत नाही.

पेट्रोल इंजिन बंद पडलं की आधी विचारायचे प्रश्न दोनच. करंट येतोय का, आणि पेट्रोल येतंय का? कुर्ल्याच्या कारखान्यात बनलेल्या 1089 सीसीच्या पद्मिनीला हे सरळ विचारता येतं. प्लग काढून वायरीला लावायचा, इंजिनच्या धातूला टेकवायचा आणि दुसऱ्या कुणाला तरी स्टार्टर मारायला सांगायचं (आसपास पेट्रोल सांडलेलं नाही ना, हे पाहून). निळसर, कडक ठिणगी पडली तर करंट आहे. पुढे पेट्रोलची चौकशी.

मे महिन्यात घाटात गाडी बंद पडली की पेट्रोल पंपावर ओलं फडकं टाकायचं, ही पद्मिनीवाल्यांची जुनी रीत. तिला आधारही आहे. पंप इंजिनलाच बसवलेला. तापून नळीतल्या पेट्रोलची वाफ होते आणि पंप नुसती वाफ ओढत बसतो. पण फडकं टाकल्यावर थोड्या वेळाने गाडी चालू झाली, एवढ्यावरून दोष पंपाचाच हे ठरत नाही. तापल्यावर दगा देणारी कॉइल किंवा कंडेन्सरही तेवढ्या वेळात गार झालेला असतो. म्हणून गाडी बंद पडल्या पडल्या, गरम असतानाच ठिणगी बघायची. ती न बघता पंपाचं किट बदलणारे पुढच्या घाटात पुन्हा फडकं शोधत असतात.

बॅटरीचंही तेच. स्टार्टर रखडत फिरतो, नवी बॅटरी येते, तरी रखडणं जात नाही. बऱ्याचदा इंजिन आणि बॉडी जोडणाऱ्या अर्थिंगच्या पट्टीखाली गंज असतो. मल्टिमीटरचं एक टोक इंजिनला, दुसरं बॅटरीच्या निगेटिव्हला लावून स्टार्टर मारावा. काटा अर्ध्या व्होल्टच्या वर गेला तर पट्टी सोडवून पॉलिश पेपर मारायचा. एवढ्या खर्चात काम होतं.

रिस्टोरेशनच्या नावाखाली मात्र उलटा क्रम दिसतो. आधी डेंटिंग-पेंटिंग, क्रोम, सीट कव्हर; ब्रेकचा मास्टर सिलिंडर गळतोय तो गळतोच आहे. माझ्या मते ब्रेक, पेट्रोलच्या नळ्या आणि वायरिंग आधी, सडलेला पत्रा त्यानंतर. रंग नाही दिला तरी चालेल.

नियमही गाडीची तब्येत न बघता वय बघतात. मुंबईत टॅक्सीला 20 वर्षांची मर्यादा, म्हणून 30 ऑक्टोबर 2023पासून पद्मिनी टॅक्सी बंद झाली. शेवटची कितपत धडधाकट होती हा प्रश्नच नव्हता. दुसरीकडे 2021च्या केंद्रीय नियमांनी 50 वर्षांवरच्या, मूळ रूपात राखलेल्या गाड्यांना व्हिंटेजचा मान दिला. मधल्या वयाच्या गाड्यांना मात्र हा मानही नाही. जुनी गाडी जास्त प्रदूषण करते हे खरंच आहे. तिला कॅटॅलिटिक कन्व्हर्टर नसतो, आणि ती रोज ऑफिसला न्यावी असं मी म्हणणार नाही. पण नीट ट्यून केलेली आणि काळा धूर ओकणारी, या दोघींना एकच माप लावणं हा आळस आहे.

आता 20 टक्के इथेनॉलचं पेट्रोल आल्याने संशयितांची यादी वाढली आहे. इथेनॉल पाणी ओढून घेतं, टाकीतला जुना गाळ सोडवून जेटपर्यंत आणतं, आणि जुन्या रबरी नळ्या फुगवतं. कालपर्यंत शहाणी असलेली गाडी मिसिंग करू लागली तर कार्ब्युरेटर उघडण्याआधी फिल्टर बघावा, नळ्या चाचपाव्यात. नवी नळी घेताना इथेनॉल सोसणारीच मागावी. दुकानदार ‘सगळ्या सारख्याच’ म्हणाला तर दुसरं दुकान गाठावं.