रॅम्प झाला, नोट्सचं काय?

दिव्यांग विद्यार्थ्यांसाठी काही करायचं ठरलं की विद्यापीठातून पहिलं पत्र जातं ते बांधकाम विभागाला. रॅम्प होतो, त्याचा फोटो निघतो आणि नॅकच्या मूल्यांकनाच्या फाइलीत लागतो. रॅम्पही अनेकदा फोटोपुरताच. चढाचं प्रमाण एकास बारा हवं. म्हणजे तीन पायऱ्यांच्या, साधारण ४५ सेंटिमीटर उंच जोत्याला ५.४ मीटर लांबीचा रॅम्प लागतो. जागा नाही म्हणून तो निम्म्यात उरकला की व्हीलचेअर वर ढकलायला दोन शिपाई शोधा, आणि उतरताना जीव मुठीत धरा.

पण समजा, रॅम्प मापात आहे, लिफ्ट चालू आहे आणि दिव्यांगांच्या स्वच्छतागृहाला कुलूप नाही. (तिन्ही एकाच इमारतीत जुळून येणं हा योगच.) तरी एम.ए.ला इतिहास घेतलेल्या अंध मुलीचं काय? तिचं घोडं अडतं ते नोट्सपाशी.

मोबाइलवरचं टॉकबॅक, संगणकावरचं एनव्हीडीए मजकूर वाचून दाखवतं, मराठीसुद्धा. मजकूर युनिकोडमध्ये मात्र हवा. आपल्याकडच्या कितीतरी नोट्स, प्रश्नसंच आणि प्रबंध जुन्या फॉन्टांत टाइप झालेले आहेत. त्यांत संगणकाच्या लेखी अक्षर रोमनच असतं, वर देवनागरीचा मुखवटा. डोळसांना पडद्यावर ‘पेशवाईचा अस्त’ दिसतो. तिच्या कानात इंग्रजी अक्षरं, कंस आणि स्वल्पविरामांचा गोंधळ पडतो. स्कॅन केलेल्या पीडीएफमध्ये तर नुसता पानाचा फोटो, म्हणजे तिच्यासाठी पान कोरंच. सर ग्रुपवर ‘नोट्स टाकल्या आहेत’ म्हणून मोकळे होतात आणि ती मैत्रिणींना विचारत बसते, जरा वाचून रेकॉर्ड करून पाठवशील का? पाठवतातही बिचाऱ्या. पण परीक्षा त्यांनाही असते.

यात कायदा आडवा येत नाही. २०१६च्या दिव्यांग हक्क कायद्याने अपंगत्वाचे प्रकार ७ वरून २१ वर नेले आणि उच्च शिक्षणात किमान ५ टक्के जागा राखून ठेवल्या. कॉपीराइट कायद्यातल्या २०१२च्या दुरुस्तीमुळे दिव्यांगांसाठी वाचता येईल अशी प्रत करायला मोकळीक मिळाली. सुगमतेचे निकष नुसते शिफारशीवजा ठेवून चालणार नाही, ते बंधनकारक हवेत, असं सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर २०२४ मध्ये राजीव रतूडी खटल्यात बजावलं. मुंबईच्या सेंट झेवियर्स महाविद्यालयात तर दृष्टिहीनांसाठीचं केंद्र २००३ पासून चालू आहे. अडतं ते, हे काम आपलं आहे असं प्राध्यापकांना वाटत नाही म्हणून. रॅम्प कंत्राटदार बांधतो. नोट्स दुसरं कोण दुरुस्त करणार?

एका मुलीसाठी अख्ख्या विभागाने फॉन्ट बदलायचा का, असा प्रश्न येतोच. युनिकोडमुळे शोधणं सोपं होतं, मजकूर कुठेही उघडतो, फायदा सगळ्यांचाच, असं सांगून वेळ मारून नेता येते. ते खरंही आहे. पण मला हा युक्तिवाद लंगडा वाटतो. फायदा तिच्या एकटीचा असता तरी काम तेवढंच आपलं होतं. प्रवेश आपणच दिला, फी आपणच घेतली.

नवा मजकूर युनिकोडमध्येच लिहायचा, एवढं विभागाच्या एका बैठकीत ठरू शकतं. जुन्याचं काम किचकट आहे. फॉन्ट बदलून देणारी सॉफ्टवेअर आहेत, पण रफार भलतीकडे जातो, जोडाक्षरं फुटतात. कुणीतरी ओळ न् ओळ तपासायला बसावं लागतं. हे तास ‘कमवा आणि शिका’ योजनेत धरावेत. तिथे विद्यार्थ्यांना झाडांना पाणी घालण्याचे पैसे मिळतात, तर मुद्रितशोधनाचे का मिळू नयेत?