पाच ताटं

केळापूरच्या एका कास्तकाराला आपली लेक शिकावी असं मनापासून वाटायचं. त्याची स्वतःची शाळा तिसरीत सुटली होती. सातबारा असो की कर्जाचा कागद, पांढरकवड्याच्या तहसिलीत तो दुसऱ्याकडून वाचून घ्यायचा, आणि ते त्याला दर वेळी सलायचं. लेक सहा वर्षांची झाली. घरात तिला सगळे लहानीच म्हणत. विदर्भातल्या शाळा उन्हामुळे जूनच्या अखेरीस उघडतात. त्याआधीच त्याने बाजारातून दप्तर, पाटी, वह्या, पेन्सिली असं सगळं आणून ठेवलं. ऐन पेरणीचे दिवस होते, बियाण्याला पैसा पुरत नव्हता, तरी आणलं.

शाळा सुरू झाली. रोज सांजेला शेतातून आला की हातपाय धुवायच्या आधी तो लहानीची वही उघडायचा. वही कोरी.

"आज काय शिकवलं वो मॅडमनं?"

"गाणं म्हटलं. मंग चिंचोके मोजले. मंग वाघाची गोष्ट सांगितली."

टिपेश्वरचं जंगल तालुक्यातच. तिथल्या लेकरांपुढे वाघाची गोष्ट निघाल्यावर वर्ग गप्प कसा बसेल? कोणाच्या काकाने वाघ पाहिलेला, कोणाची बकरी नेलेली, कोणी नुसतेच पंजे पाहिलेले. मॅडमनी प्रत्येकाला उभं करून बोलू दिलं होतं. लहानीही बोलली होती. पण ते वहीत उमटलं नव्हतं, आणि बाप वहीच पाहत होता.

पंधरवड्याने तो शाळेत गेला. दारातून पाहतो तर लेकरं गोल करून बसलेली, मधे चिंचोके, सागरगोटे, तुरीचे दाणे. एक पोरगं दाणे वेगळे करत होतं, दुसरं त्याच्या ढिगातले परत याच्या ढिगात टाकत होतं.

"मॅडम, हे लेकरं खेळतच राह्यतील काय? त्या बाजूच्या घरचा पोरगा पांढरकवड्याच्या कॉन्व्हेंटमध्ये जाते. त्याच्या वहीची पानं भरून राह्यली."

मॅडम म्हणाल्या, "भाऊ, लिहिणं येईलच. आधी हात तयार होऊ द्या, कान तयार होऊ द्या. घरी तिच्याशी बोला, तिला कामात घ्या, रोज शाळेत पाठवा. एवढं तुमच्याकडून पाहिजे."

उत्तर बरोबर होतं, पण त्याच्या पदरात काही पडलं नाही. ज्याने तिसरीपर्यंत शाळा पाहिली, तीही पाढ्यांची आणि छडीची, त्याला 'हात तयार होऊ द्या' म्हणजे काय ते एका वाक्यात कसं कळावं? मला वाटतं, अशा बापाला दोष देऊन मोकळं होणं फार सोपं आहे. त्याला वर्गात बसवून घेऊन, तुरीचे दाणे त्याच्या हातात देऊन दाखवायला हवं होतं. पहिलीत नाव घालतानाच हे बोलणं व्हायला हवं.

मग त्याने घरीच शिकवणी सुरू केली. रात्री जेवणं झाली की बल्बखाली लहानीला बसवायचा. एक पान 'क' काढायचा आणि एक ते शंभर म्हणायचं. पेन्सिल दाबून धरून तिची बोटं पांढरी पडत. कागद फाटे. डोळे मिटायला लागले की बाप हाक मारी. तो मारत नव्हता, पण आवाज चढायचा. दोन महिन्यांत लहानी शंभरपर्यंत न अडखळता म्हणायला लागली. शाळेतून आल्यावर गोष्टी सांगायची मात्र ती थांबली होती. ते एकट्या आजीच्या ध्यानात आलं.

नवरात्र आलं. जगदंबेच्या दर्शनाला केळापुरात लांबून लांबून माणसं येतात. लहानीचे मामा-मामीही पोराला घेऊन आले. बापाने लेकीला पुढे उभं केलं. "म्हण वो, शंभरपर्यंत." लहानीने एका दमात म्हटलं. मामाने दहाची नोट काढून हातावर ठेवली. बापाची छाती फुगली.

पाट मांडले गेले. आजी चुलीजवळून म्हणाली, "लहाने, पाच ताटं आण."

लहानी फडताळापाशी गेली आणि दोन्ही हातांत मावतील तेवढी ताटं घेऊन आली.

"मोज बरं."

ती मोजायला लागली. तोंड पुढे पळत होतं, बोट मागे राहत होतं. एका ताटावर दोन आकडे पडले, एक ताट तसंच सुटलं. ताटं सात होती, ती अकरावर थांबली. मामाचा पोरगा हसला. लहानी आईच्या पदराआड गेली. बाप खाली मान घालून बसला.

आजी काही बोलली नाही. लहानीचा हात धरून तिला पुढे घेतलं आणि एक ताट तिच्या हातात दिलं. "हे मामाले." लहानीने ठेवलं. "एक झालं. आता मामीले." दोन. दादाला तीन, बाबाला चार. मग आजी थांबली. लहानीने सगळ्या पाटांकडे पाहिलं, एका रिकाम्या पाटापुढे ताट ठेवलं आणि म्हणाली, "हे मले. पाच!" उरलेली दोन ताटं तिने स्वतःहून फडताळात परत नेली.

शंभरपर्यंत म्हणणं ही पाठांतराची गोष्ट आहे आणि ती वाईट नाही. पण दर वस्तूला एकच आकडा द्यायचा, एकही वस्तू सोडायची नाही आणि शेवटी जो आकडा येईल तो सगळ्यांचा मिळून, हे लेकराच्या बोटांना आणि डोळ्यांना कळावं लागतं. ते हातात वस्तू धरूनच कळतं. चिंचोके त्यासाठीच होते.

त्या रात्री बापाने वही काढली नाही. लहानी आजीजवळ बसली. आजी देवीच्या दिव्यासाठी वाती वळत होती. घरचाच कापूस, पहिल्या फुटीचा. लहानीला तिने सरकी काढायला दिली. चिमटीत कापूस धरायचा, दुसऱ्या चिमटीने सरकी ओढायची, तंतू तुटू द्यायचा नाही. पहिल्यांदा कापसाचे तुकडे झाले. मग जमायला लागलं. बाप बसल्या जागी ती बोटं पाहत राहिला. पेन्सिल धरायची ती हीच बोटं, हे त्याला तेव्हा कोणी सांगावं लागलं नाही.

आईची गोष्ट वेगळी. ती शाळेच्या वाटेलाच जात नसे. २०२२ पासून जिल्हा परिषदेच्या शाळांत 'पहिले पाऊल' नावाने शाळापूर्व तयारीचे मेळावे भरायला लागले, त्यातूनच मातांचे गट झाले. घरी लेकरासोबत काय करायचं त्याची कार्डं आयांना मिळतात. लहानीच्या आईलाही कार्ड मिळालं होतं. वाचता येत नव्हतं, म्हणून तिने ते डब्यात घालून ठेवलं आणि गटाला जायचंच सोडलं.

नवरात्र सरल्यावर आजीने तिला हाताला धरून गटाला नेलं. ती खाली पाहत म्हणाली, "मॅडम, मी आडाणी. मले काय येते शिकवाले?"

"आज दिवसभर काय काय केलं?"

"काय करणार? तूर निवडली, भाकरी केल्या, कापूस येचला, सांजेले काट्यावर मोजून देला."

मॅडमनी तिला बालशिक्षणाचं काम करणाऱ्या ताराबाई मोडकांची हकिकत सांगितली. १९४५ मध्ये ताराबाई बोर्डीला गेल्या, अनुताई वाघ त्यांच्या जोडीला. आदिवासी पाड्यांवरची लेकरं शाळेत येईनात, तेव्हा त्यांनी शाळाच त्यांच्या अंगणात नेली. महागडी साधनं बाजूला ठेवली आणि दगड, बिया, पानं, शिंपले घेऊन शिकवलं. त्या अंगणातल्या लेकरांच्या आयाही वाचणाऱ्या नव्हत्या. "तूर निवडताना लहानीला सोबत घ्या," मॅडम म्हणाल्या. "मोठा दाणा कोणता, किडका कोणता, विचारा. काट्यावर कोणतं गाठोडं जड भरेल, आधी तिला सांगू द्या. चुकलं तर चुकू द्या. अन् ती बोलत असली की मधे तोडू नका."

एवढं ऐकून आई सुधारली आणि सगळं सुरळीत झालं, असं झालं नाही. वेचणीचा हंगाम आला. वेचणीची मजुरी किलोवर असते, जितक्या लवकर शेतात तितकं वजन जास्त. आया अंधारात निघतात, लेकरं सोबत जातात, वर्ग ओस पडतात. लहानीही बांधावर दिसायला लागली. तिसऱ्या दिवशी मॅडमनी निरोप धाडला.

घरात त्यावरून वाद झाला. आजीला दिसायचं कमी झालेलं, रस्ता ओलांडून तिने पोरीला शाळेत नेणं धोक्याचं. बाप म्हणाला, "तू पोरीले शाळेत घालून मंगच ये. चार किलो कमी भरतील, भरू दे." त्याने हे म्हणणं सोपं नव्हतं. दिवाळीची उधारी अजून फिटायची होती. पण ज्याने पेरणीच्या दिवसांत वह्या आणल्या, त्याच माणसाने आता त्याहून मोठा खर्च केला. लहानी रोज शाळेत जायला लागली. रात्री तो तिला एकच विचारायचा, "आज कोण काय बोललं?" मग ती सुरू व्हायची. उन्हाळा येईपर्यंत तिने वहीत आपलं नाव लिहिलं, आणि खाली आजीचंही.

पुढच्या वर्षी मातांच्या गटात कोलाम आदिवासींच्या पोडावरची, म्हणजे वस्तीवरची, एक नवी बाई आली. ती दाराशीच बसली. घरी कोलामी बोलतो, मराठी नीट येत नाही, लेकराला काय शिकवणार, असं ती अडखळत म्हणाली. मॅडम काही बोलायच्या आधी लहानीची आई उठून तिच्याजवळ जाऊन बसली.

"तुया बोलीतच बोल त्याच्याशी. मराठी मॅडम शिकवतील. घरी जेवणारे किती?"

"सहा."

"मंग आज सांजेपासून ताटं त्यालेच मांडू दे. तू फक्त जवळ बस, अन् घाई करू नको."