नाव तेच, वस्तू दुसरी

काही वर्षांपूर्वी सोहारमधल्या एका कारखान्याच्या लिनक्स सर्व्हरवर मी अहवाल काढणारा नवा प्रोग्राम बसवत होतो. त्याला एका लायब्ररीची नवी आवृत्ती हवी होती. मी ती घातली, जुनी काढून टाकली आणि जुन्या नावाची लिंक नव्या फाइलकडे वळवून दिली. अहवाल झकास निघाला. दुसऱ्या दिवशी पगाराचा प्रोग्राम मात्र सुरूच होईना. तोही त्याच लायब्ररीवर चालतो, हे मी पाहिलेच नव्हते. पगार एक दिवस लांबला. बाहेर थांबलेल्या एका कामगाराने विचारले, "साब, आज घर पैसा भेजना था." त्याला मी काय सांगणार?

शेअर्ड लायब्ररी म्हणजे आपल्या मंडळाची मोठी पातेली समजा. पन्नास पानांचे पातेले कोणी घरोघरी ठेवत नाही. एकच असते, सगळे वापरतात. तसेच अनेक प्रोग्रामना लागणारे काम एकाच फाइलमध्ये लिहिलेले असते.

मग प्रत्येकाने आपापली प्रत का ठेवू नये? भांडणच मिटले! पण 2014 साली ओपन-एसएसएल या लायब्ररीत 'हार्टब्लीड' नावाची गंभीर चूक सापडली. जिथे ती सामाईक होती, तिथे एक फाइल बदलून प्रोग्राम पुन्हा सुरू केले की काम भागत होते. ज्या प्रोग्रामांनी आपली प्रत पोटात ठेवली होती, ते एकेक शोधून दुरुस्त करावे लागले. सामाईक असण्यात धोका आहे, तसा आधारही आहे.

युनिक्सवाल्यांनी यावर एक साधा नियम केला आहे. लायब्ररीच्या नावाशेवटी आकडा असतो. आतली दुरुस्ती जुन्या प्रोग्रामना चालणारी असेल, तर तो आकडा तोच राहतो. जुने वचन मोडणार असेल, तर आकडा बदलायचा आणि जुनी शेजारी राहू द्यायची. मी नेमके उलटे केले. नाव जुने ठेवले आणि वचन गुपचूप बदलले. याला आपण व्यवहारात फसवणूक म्हणतो.

आपल्या या ओमानमध्ये फलज आहेत. त्यांतल्या पाचांना युनेस्कोने 2006 साली जागतिक वारशात घेतले. तिथे पाण्याची वाटणी वेळेने होते. वरच्या बागेच्या मालकाचा हात पाटापर्यंत पोहोचतो, म्हणून त्याला खालच्याची पाळी तोडता येत नाही.

त्या दिवशी माझ्याकडे 'रूट'चा पासवर्ड होता, म्हणजे त्या यंत्रावरचे सर्वाधिकार. काहीही बदलता येत होते. पण बदलता येणे आणि बदलण्याचा हक्क असणे, या दोन गोष्टी वेगळ्या. आता सामाईक फाइलला हात लावण्याआधी तिच्यावर कोण कोण अवलंबून आहे, याची यादी काढतो. पाच मिनिटे लागतात. त्या पाच मिनिटांत मला तो कामगार आठवतो.