संकल्प आणि संख्या

मनुष्याने एखादे कठीण कार्य आरंभिले की त्याची स्तुती करण्यास समाज तत्पर असतो. परंतु ते कार्य कोणत्या हेतूने, कोणत्या मर्यादेत आणि कोणाच्या जिवावर आरंभिले, याचा विचार सहसा होत नाही. भारतात गेल्या काही वर्षांत दीर्घ अंतर धावण्याची आवड पुष्कळ वाढली आहे. आपल्या राज्यात जितक्या मॅरेथॉन शर्यती होतात तितक्या सर्व धावावयाच्या, असा निश्चय करणारे गृहस्थही आता आढळतात. कचेरीत नोकरी, घरी वृद्ध आईवडील, शाळेत जाणारी मुले आणि त्यांतच हे व्रत! या निश्चयास तप म्हणावे, की अहंकाराचे ते एक नवे रूप समजावे? प्रश्न वरवर दिसतो तितका सोपा नाही.

शास्त्रीय विचाराचा आरंभ लक्षणापासून करावा. मॅरेथॉन हे ग्रीस देशातील एका मैदानाचे नाव असून त्याचा संबंध बडीशेपेच्या ग्रीक नावाशी आहे. इ. स. पूर्व ४९० मध्ये अथेन्सच्या लोकांनी तेथे इराणी सैन्याचा पराभव केला. विजयाची वार्ता घेऊन एक दूत अथेन्सपर्यंत धावला व वार्ता सांगताच गतप्राण झाला, ही कथा सर्वश्रुत आहे. तथापि या युद्धाचा प्राचीन इतिहासकार हेरोडोटस ती कथा सांगत नाही. तो युद्धापूर्वी साहाय्य मागण्यासाठी स्पार्टाकडे धावलेल्या दूताचे वृत्त देतो. मरणाची कथा पुष्कळ उत्तरकालीन लेखकांची आहे. तिच्या स्मरणार्थ १८९६ साली अथेन्स येथील ऑलिंपिक सामन्यांत सुमारे ४० किलोमीटरची शर्यत ठेवण्यात आली. १९०८ च्या लंडन येथील सामन्यांत हे अंतर ४२.१९५ किलोमीटर होते आणि १९२१ साली तेच प्रमाण म्हणून स्वीकारले गेले. म्हणून पाच, दहा किंवा एकवीस किलोमीटरच्या धावेस लोक मॅरेथॉन म्हणत असले, तरी ती लक्षणात बसत नाही. साताऱ्याच्या घाटातील प्रसिद्ध धावही अर्ध्या अंतराची आहे.

लक्षण ठरले, तरी 'सर्व' हा शब्द उरतोच. आणि खरी अडचण त्याच शब्दात आहे. महाराष्ट्राचे उदाहरण घ्यावे. पुण्याची आंतरराष्ट्रीय मॅरेथॉन १९८३ साली सुरू झाली, मुंबईची आजची मोठी शर्यत २००४ साली. त्यानंतर लहानमोठ्या नगरांत नव्या शर्यती निघाल्या. काही टिकतात, काही बंद पडतात. बहुतेक शर्यती थंडीच्या दिवसांत व रविवारी असतात, म्हणून एकाच पहाटे दोन गावी शर्यत आहे असेही घडू शकते. ज्या समूहाची गणती दरवर्षी बदलते, तो समूह पूर्ण करण्याची प्रतिज्ञा म्हणजे क्षितिज गाठण्याची प्रतिज्ञा होय. धावणारा जसजसा पुढे जातो, तसतशी सीमाही पुढे सरकते.

प्राचीनांनी संकल्पाचा विधी घातला, तो याच कारणाने. संकल्पात देश, काल, कर्ता आणि फल यांचा स्पष्ट उच्चार करावा लागतो, आणि व्रतास उद्यापन असते. ज्याचे उद्यापन केव्हा करावयाचे हे आरंभी ठाऊक नाही, ते व्रत न राहता व्यसन होण्याचा संभव असतो. गोवर्धनाची प्रदक्षिणा सुमारे २१ किलोमीटरची आहे, म्हणजे दोन प्रदक्षिणा मिळून जवळजवळ एक मॅरेथॉन होते. परंतु प्रदक्षिणा जेथून आरंभिली तेथेच पूर्ण होते, आणि तीत कोण प्रथम आला हे कोणी विचारीत नाही.

मीमांसकांनी कर्माचे नित्य आणि काम्य असे भेद केले आहेत. नित्य कर्म टाळता येत नाही, पण ते यथाशक्ति केले तरी चालते. काम्य कर्म करावे की न करावे हे इच्छेवर अवलंबून असते. मात्र करावयाचे तर सर्व अंगांसह करावे, आणि एकदा आरंभिले तर मध्येच सोडू नये. शर्यतींचे व्रत उघडच काम्य आहे. आईवडिलांची सेवा, मुलांचे संगोपन, संसाराचा भार ही गृहस्थाची नित्य कर्मे आहेत.

आता अशी कल्पना करावी की एका गृहस्थाच्या आठ शर्यती झाल्या आहेत आणि नववी उद्या पहाटे दूरच्या नगरात आहे. रात्री गाडीने निघावयाचे, तोच वृद्ध आईस ताप चढला. पत्नी म्हणते, "तुम्ही जा, मी पाहीन." आईही म्हणते, "माझ्यासाठी थांबू नकोस रे." त्याने जावे काय? एक पक्ष म्हणेल की आरब्ध कर्म सोडणे हा दोष आहे आणि घरच्यांची अनुमतीही मिळाली आहे. दुसरा पक्ष म्हणेल की अनुमती मिळाल्याने कर्तव्य संपत नाही. प्रेमाने दिलेली मुभा हा घेणाऱ्याचा अधिकार ठरत नाही.

या ठिकाणी धर्मशास्त्रातील एक जुना नियम मार्गदर्शक आहे. पाणी, मुळे, फळे, दूध, हविष्य, ब्राह्मणाची इच्छा, गुरूचे वचन आणि औषध या आठांनी व्रतभंग होत नाही, असे तेथे सांगितले आहे. व्रत कठोर असावे, परंतु त्याने रोग्याचे औषध किंवा वडील मनुष्याचा शब्द अडवू नये, हा त्याचा भाव. जे औषध व्रत करणाऱ्याच्या स्वतःच्या मुखात गेले तरी व्रत मोडत नाही, तेच आजारी आईच्या मुखी घालण्यासाठी तो थांबला, तर व्रत कसे मोडेल? नववी शर्यत पुढील वर्षी पुन्हा येईल. ती रात्र मात्र पुन्हा येणार नाही. या युक्तिवादाने निर्णय थांबण्याच्या बाजूने लागतो.

परंतु एवढ्यावरून सारेच व्रत निंद्य ठरवणे अन्यायाचे होईल. भगवद्गीतेच्या अठराव्या अध्यायात तामस कर्म सांगताना अनुबंध, क्षय, हिंसा आणि पौरुष या चार गोष्टींचा विचार न करता मोहाने आरंभिलेले कर्म, असे त्याचे लक्षण दिले आहे. याचाच अर्थ असा की हे चार प्रश्न विचारून आरंभिलेले कर्म त्या दोषातून सुटते. अनुबंध म्हणजे पुढील परिणाम: या व्रताने घराचे वेळापत्रक कसे बदलेल? क्षय म्हणजे द्रव्याची व शक्तीची हानी: प्रवेशशुल्क, प्रवास व मुक्काम यांचा खर्च कोणाच्या वाट्यातून जाईल? हिंसा म्हणजे पीडा, आपल्या देहाची आणि घरच्यांच्या मनाचीही. पौरुष म्हणजे स्वतःचे सामर्थ्य.

सामर्थ्याविषयी आजचे वैद्यकही हेच सांगते. साधारण तीस किलोमीटरनंतर स्नायूंतील साठविलेली साखर संपत येते आणि पाय जड होतात. वर्षभराच्या क्रमशः सरावावाचून हे अंतर कापणे हा देहावर अत्याचार आहे. अमेरिकेत २००० ते २०१० या काळात पूर्ण व अर्ध्या मॅरेथॉन धावलेल्या सुमारे १ कोटी ९ लाख जणांपैकी ५९ जणांचे हृदय धावताना अथवा धावल्यावर लगेच बंद पडले, असे एका अभ्यासात आढळले. भय अल्प आहे, पण शून्य नाही. सुज्ञाने भिऊ नये आणि बेफिकीरही राहू नये.

हेतूचा प्रश्न यापुढचा आहे. सत्कार, मान आणि पूजा यांसाठी दंभाने केलेले तप गीतेने राजस व अस्थिर म्हटले आहे. पदकांची माळ भिंतीवर वाढत जाते आणि पुढल्या पदकावाचून मन स्वस्थ राहत नाही, तेव्हा ही अस्थिरता प्रत्यक्ष दिसते. याउलट १८९६ ची ती पहिली शर्यत जिंकणारा स्पिरिडॉन लुई हा पाणी वाहणारा मनुष्य होता. साऱ्या देशाने त्यास डोक्यावर घेतले. तो मात्र आपल्या गावी परतला आणि पुन्हा शर्यतीत उतरला नाही. पंजाबचे फौजा सिंग यांनी पत्नी व पुत्र यांच्या मृत्यूनंतरच्या शोकातून धावणे आरंभिले, आणि त्यांच्या सांगण्यानुसार ८९ व्या वर्षी, २००० साली, लंडनची मॅरेथॉन पूर्ण केली. २०१३ साली हाँगकाँग येथे दहा किलोमीटर धावून त्यांनी स्पर्धांतून निवृत्ती घेतली. २०२५ साली त्यांचे निधन झाले. एकाने एकदाच धावून सोडले, दुसरा वृद्धापकाळी अनेक वेळा धावला. परंतु दोघांनाही थांबणे ठाऊक होते.

तेव्हा ज्या गृहस्थास हे व्रत घ्यावयाचे असेल, त्याने प्रथम पत्नीला सोबत बसवून विचार करावा. कारण पहाटेच्या सरावाच्या वेळी घर तीच सांभाळते आणि या व्रताचा अर्धा भार तिच्यावर असतो. अमुक वर्षाच्या यादीतील अमुक शर्यती, असा मोजका संकल्प करावा. आजार, आपत्ती आणि घरचे कर्तव्य यांसाठी खंड पडला तर व्रत अखंडच राहील, हे आरंभीच ठरवावे. खर्चाइतकाच नाही, तरी काही अंश गरजूस द्यावा. आणि शेवटच्या शर्यतीनंतर उद्यापन म्हणून घरातील सर्वांस एकत्र बसवून भोजन घालावे. कारण त्यांनीही, न धावता, तितकेच अंतर तोडलेले असते.

असे व्रत पूर्ण झाले तर उत्तमच. न झाले, आणि आठावरच थांबावे लागले, तरी त्या आठ पहाटे देहास लागलेले वळण, संयम आणि धैर्य वाया जात नाहीत. संख्या अपुरी राहिली म्हणून संकल्प अपुरा राहत नाही. कर्तव्य टाकून संख्या पुरी केली, तर मात्र संकल्पच उणा पडतो.