पोलिसाचा घरमालक

पिंपळगाव बसवंतला आमच्या माडीवर एक हवालदार सहकुटुंब भाड्याने राहायचे. मुंबई-आग्रा हायवेवर अपघात झाला किंवा टोमॅटोच्या हंगामात मार्केटला गाड्यांची रांग लागली, की अपरात्री त्यांची बाइक सुरू झाल्याचा आवाज यायचा. एकदा बांधावरून आमचा शेजाऱ्याशी वाद पेटला. वडिलांनी त्यांना जिन्यात गाठलं. "साहेब, तेवढं बघा जरा. घरातलंच काम आहे."

ते म्हणाले, "नाना, तक्रार ठाण्यात येऊन द्या. इथं जिन्यात नको."

विषय तिथेच संपला. पण नंतर भाडं देता-घेताना दोघंही एकमेकांकडे बघेनात. काही महिन्यांनी त्यांनी खोली बदलली.

तेव्हा मला त्यांचा राग आला होता. आता कळतं, चूक आमची होती. पण त्यांना आमच्या जिन्यात उभं कुणी केलं?

महाराष्ट्र पोलीस अधिनियम, १९५१ चं कलम २८ सांगतं की पोलीस कायम कर्तव्यावरच असल्याचं मानलं जाईल आणि त्याला राज्यात कुठेही कामाला पाठवता येईल. म्हणजे सरकार माणसाचे चोवीस तास मागतं. मग त्यातले झोपेचे तास कुठे काढायचे, हा त्याचा खासगी प्रश्न कसा? पोलिसांच्या घरांसाठी राज्याने १९७४ मध्ये स्वतंत्र महामंडळ काढलं. क्वार्टर नसेल तर घरभाडे भत्ता मिळतो. भत्त्याने खोली मिळते, पण घरमालकाचा मिंधेपणा सुटत नाही.

नोव्हेंबर २०२३ मध्ये गडचिरोलीतल्या वांगेतुरीला चोवीस तासांत नवं ठाणं उभं राहिलं. तेव्हा जवानांसाठी पोर्टा केबिन, पिण्याचं पाणी, शौचालयं सोबतच आली. जंगलात राहण्याची सोय हा कामाचाच भाग धरला जातो. तालुक्याच्या गावात तीच सोय सवलत ठरते.

शिक्षक, नर्स यांनाही भाड्यानेच राहावं लागतं, हे खरं. त्यांनाही घरं मिळायला हवीत. पण माझ्या आणि शेजाऱ्याच्या मध्ये पोलीस उभा असतो, म्हणून त्याचा प्रश्न वेगळा.

लाइनीत राहिले की पोलीस गावापासून तुटतात, असंही म्हणतात. त्यातही तथ्य आहे. माडीवरच्या वहिनी आईकडे विरजण मागायला यायच्या, ते भिंतीआडच्या वसाहतीतून झालं नसतं. म्हणून लाइन गावातच असावी. विरजणाची देवाणघेवाण बरोबरीची असते, भाड्याची नसते.

क्वार्टर म्हणजे पोलिसांवर केलेली मेहरबानी, असं मला वाटत नाही. मी घरमालकाचा मुलगा आहे, तरी मला आता त्या शेजाऱ्याचा विचार येतो. ज्याच्याविरुद्ध तक्रार द्यायची, त्याच्याच माडीवर हवालदार झोपतो, हे त्याला माहीत होतं. हवालदारांनी वडिलांना काय उत्तर दिलं, ते मात्र त्याला कधीच कळलं नाही.