मांजा कापतो कुणाला?



उत्तरायण जवळ आलं की बडोद्यातल्या आपल्या घरांत एक वाद ठरलेला: पोरांच्या हातात मांजा द्यायचा की नाही? यंदा नातवाने मलाच धरलं. "आजोबा, तुम्ही तर म्हणे काच कुटायचात. मग मला का नाही?"

खरं आहे. आईची नजर चुकवून फुटके बल्ब आम्ही तिच्याच खलबत्त्यात कुटत असू. भाताची खळ, रंग, काचेची पूड आणि गच्चीभर ताणलेला सुती दोरा. पूड जास्त झाली की बोट कापायचं, कमी झाली की पतंग कटायचा. प्रमाण कुणी शिकवलं नाही, बोटांनीच शिकवलं. विटी तासतानाही तेच. टोक नीट नसेल तर ती उडत नाही, आणि कोयता घसरला तर अंगठा आपलाच. तुकोबांच्या गाथेत विटीदांडू, चेंडूफळी, हमामा यांवर अभंग आहेत. परमार्थ सांगायला त्यांना पोरांचे हे धसमुसळे खेळ चालले, याचं मला फार अप्रूप वाटतं.

तरी नातवाला हो म्हणवेना. कारण एक कबूतर. मी दहा-अकरा वर्षांचा असेन. माझ्या मांज्यात सापडून ते समोरच्या गच्चीवर पडलं, पंख लोंबत होता. संध्याकाळपर्यंत तिथेच. माझ्या कापलेल्या बोटांना आईने पट्टी बांधली होती.

झाडावरून पडलो तर मी पडतो. मांजा कापतो तो पाखराला, नाहीतर स्कूटरवरच्या माणसाला, ज्याला आपण खेळतोय हे ठाऊकही नसतं. नायलॉनच्या मांज्यावर राष्ट्रीय हरित लवादाने २०१७ साली देशभर बंदी घातली. तो सहजी तुटत नाही, कुजत नाही, झाडात अडकून राहतो. सुती बरा म्हणतात, पण काच ती काचच.

नुसतं "नाही" म्हणून मोबाईल हातात देणंही पटेना. मग ठरलं, दोरा साधा, बिनकाचेचा, पण पतंग त्याने स्वतः करायचा. बांबूची कामटी तासायला माझा जुना चाकू दिला. सूनबाई म्हणाली, "बाबा, हात कापेल हो त्याचा!" म्हटलं, कापेल थोडा. पहिल्याच दिवशी कापला, हळद लावली.

दोन पतंग गिरक्या खात खाली आले. तिसऱ्याची कमान त्याने पातळ केली, किन्ना पुन्हा बांधला, शेपूट लावली. तो चढतो आता. काटाकाटीत मात्र टिकत नाही, म्हणून स्वारी माझ्यावर जरा रागावलेली आहे.